लोहदूताचा डावा खांदा

कळंबोली, २ फेब्रुवारी २०२५

आक्का,

लांबनंच पाया पडतो. तुझ्या नर्सिंगच्या हॉस्टेलात मोबाईल जमा करून घेत्यात म्हणून मला हे लिहावं लागतंय. आठवीतनं सुटलेल्या माणसाचं अक्षर कसं असतं ते तुला म्हाईतच हाय, तवा हसू नको. रविवारी तासभर मोबाईल तुझ्या हातात येतो, पण तवा गावाकडचा फोन जोडलेला असतो, आणि तिकडं आई आणि तात्या स्पीकर लावून बसलेले असत्यात. मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं न्हाई.

काम तेच, लोखंड बाजारात. क्रेन खाली आली की अँगलच्या बंडलाला साखळी गुंडाळायची, हूक लावायचा, हात वर करायचा, बाजूला व्हायचं. दादा जिथं उभा राहायचा तिथंच मी उभा राहतो. खोली पण तीच. खोलीत सिताराम पण तोच. दादाची कॉट मला दिली हाय.

सितारामला तू बघितलं न्हाईस. पन्नाशीचा माणूस, दोन लेकींची लग्नं झाली, पण 'लोहदूत'चं नाव काढलं की लहान पोर होतो. दुसरा भाग येणार म्हणून बाजारात सध्या दुसरं बोलणंच न्हाई. पहिल्या भागातल्या हिरोचं कंपनीशी बिनसलं म्हणं. मग आता मुखवट्यात कोण? सिताराम म्हणतो, दक्षिणेतला तो दाढीवाला. ट्रान्सपोर्टवाले म्हणत्यात, हिरो जुनाच हाय, भांडणाची बातमी मुद्दाम सोडली. चहावाल्याचं म्हणणं असं, की लोहदूत पहिल्या भागाच्या शेवटी मेलाच, आता येणार तो त्याचा भाऊ. त्यावरनं परवा दोन ड्रायव्हर एकमेकांच्या कॉलरला गेले. मोबाईलवर तर विचारू नको. लाखानं माणसं हायत, कामधंदा सोडून हेच करत्यात.

मी पहिला भाग बघितला नव्हता. दादा त्या शूटिंगातच गेला, त्यात काय बघायचं. पण गेल्या आठवड्यात दुसऱ्याची झलक आली आणि सितारामनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. लोहदूत पडक्या भिंतीतनं बाहेर येतो. पाठमोरा उभा राहतो. मग उजव्या हातानं डावा खांदा थोपटतो. दोनदा.

मी मोबाईल पालथा ठेवला, आक्का. सिताराम म्हणाला काय झालं, तर मी म्हणालो रेंज गेली.

मग एकट्यानं पहिला भाग शेवटपर्यंत बघितला. त्यात पण हाय. शेवटच्या लढाईनंतर लोहदूत लोखंडाच्या खुर्चीवर बसतो, खांदा थोपटतो, मान खाली जाते आणि पिक्चर संपतो. ती त्याची स्टाईल झाली. इथं गल्लीतली पोरं खेळताना खांदा थोपटत्यात आणि दुसरं पोरगं उडी मारून पुढं येतं. त्यांना वाटतं, लोहदूत जोडीदाराला बोलावतोय.

बरोबरच वाटतंय त्यांना. आपल्या घरची नाथाची काठी ज्यानं धरली, तो दमला की हीच खूण करतो. ती दादानं केली होती. हिरोच्या बदली कवच-मुखवटा घालून कॅमेऱ्यासमोर केली आणि सगळ्यांना वाटलं ॲक्टिंग.

तू बघितलास का पिक्चर? खरं सांग.

तुझा
तेज्या


सातारा, ११ फेब्रुवारी

तेज्या,

पत्र मिळालं. अक्षराला हसले नाही, पण 'पालथा' बरोबर लिहिलंस ते बघून नवल वाटलं.

मी तो पिक्चर बघितलेला नाही आणि बघणारही नाही. तूही आता पुन्हा बघू नकोस. अंकुशदादा मार्चच्या उन्हात तेवढं जड कवच घालून दिवसभर उभा होता. दमलेल्या माणसाचा हात दुखऱ्या खांद्याकडं जातोच, त्यात खूण कसली? वॉर्डात रोज बघते मी. त्याचं हृदय थांबलं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, आणि मुखवट्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवायची सुट्टी झाली, सगळे उठले, तो खुर्चीवर तसाच. एवढंच झालं. एवढंच पुष्कळ आहे.

आणि झलकेत दिसला तो दादाच असणार. जुनं शूटिंग शिल्लक असतं ते जोडून देतात. आमच्या मेसमधल्या मुलीसुद्धा हेच म्हणतात, की अजून नवीन हिरो ठरलेलाच नाही म्हणून जुनं दाखवून वेळ काढतायत.

शालन काकूंना, तुझ्या आईला, यातलं अक्षर सांगायचं नाही. त्यांना आता एकच मुलगा आहे हे तुझ्या डोक्यात ठेव. जेवण वेळेवर कर. आणि रबाळ्याला, शूटिंग चालतं त्या बंद कारखान्यात, जायचं नाही. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

सुनयना


कळंबोली, २३ फेब्रुवारी

आक्का,

रागावू नको, पण रबाळ्याला जाऊन आलो. मी गेलो न्हाई, मला पाठवलं. पिक्चरच्या सेटला अँगल आणि चॅनल आमच्याच गोदामातनं जातो. दादा पण असाच माल उतरायला गेला होता आणि त्याची छाती-खांदे बघून त्यांनी त्याला कवचात घातलं. तू म्हणशील नकार द्यायचा. हूकवाल्यानं नकार दिला तर दुसऱ्या दिवशी दुसरा हूकवाला असतो.

पहिलं हे सांगतो, झलक जुनी न्हाई. दादानं आपल्याला फोटो पाठवला होता बघ, कारखान्याच्या चिमणीखाली उभा हाय तो? ती चिमणी गेल्या वर्षी पाडली. मी तिच्या जागेवर उभा राहून आलो, नुसता विटांचा चुरा हाय. झलकेत लोहदूताच्या मागं चिमणी न्हाई. मोकळं आभाळ हाय. म्हंजे ते शूटिंग आत्ताचं.

माल उतरला तवा भर दुपार होती. पत्र्याच्या सावलीत एकजण कंबरेखाली कवच घालून वडापाव खात बसला होता. ऋषी नाव. सारसोळ्याचा कोळ्याचा पोरगा, जिमवाला, बोलायला गोड. मी सहज म्हटलं, ती खांद्याची स्टाईल भारी करतोस. त्याचा घास थांबला.

तो म्हणाला, "मी नाय करत, दादा. यांनी सांगितलाय, या टायमाला खांद्याला हात लावायचा नाय, ती स्टाईल बंद. मी हात खालीच ठेवतो. मंग टीव्हीवर बगतो, तं हात वर."

त्याला वाटलं मी हसेन. मी हसलो न्हाई, म्हणून पुढचं बोलला. कवच चढवताना आत कुणीतरी आधीच असल्यासारखं वाटतं म्हणे. बसमध्ये आपण सीटवर सरकून दुसऱ्याला जागा देतो, तसं त्यानं सरकून याला जागा दिल्यासारखं. त्रास देत न्हाई. नुसता दमलेला असतो. ऋषीच्या आधी तिघं सोडून गेलेत. तिघांचा डावा खांदा धरला होता.

मग मी त्याला आपल्याकडचं सांगितलं. नाथाची काठी, चार माणसांएवढी उंच. बुंधा कमरेच्या शेल्यात आणि भार डाव्या खांद्यावर. ज्यानं धरली त्यानं बोलायचं न्हाई, मागं वळून बघायचं न्हाई आणि खाली ठेवायची न्हाई. दमला की खांदा दोनदा थोपटायचा. मागनं घरातलंच कुणीतरी पुढं येतं, म्हणतं 'घेतली', आणि भार त्याच्यावर जातो. यात्रेत शेवटी ज्यानं काठी देवळाच्या भिंतीला लावली, त्याच्यावर ती वर्षभर असती. पुढच्या चैत्रात तो उचलतो आणि पुढच्याला देतो.

दादानं भिंतीला लावली आणि इकडं आला. पुढचा चैत्र त्याला दिसलाच न्हाई. तेव्हापासनं तात्यांनी कुणाला काठीला हात लावू दिला न्हाई. म्हंजे अजून ती दादावरच हाय, आक्का.

ऋषीनं सगळं ऐकलं आणि वडापावचा कागद नीट घडी करून खिशात घातला. म्हणाला, "मंग तुमच्यातला कोन तरी या ना."

तेज्या


सातारा, ४ मार्च

तेज्या,

दोन दिवस पत्र उशीखाली ठेवलं होतं. आज लिहिते.

ऋषीला म्हणावं डॉक्टरला दाखव. एका बाजूला भार येणारं कवच असेल तर खांदा धरणारच, आणि जे करू नको म्हणून सांगितलं ते हात करतोच. माझंही इंजेक्शन देताना तसंच होतं. हे मी तुला सांगतेय की स्वतःला, ते मला नक्की सांगता येणार नाही.

पण समजा, तुझंच खरं आहे असं धरू. मग जे करायचं ते गावी करायचं. वीस एप्रिलला यात्रा आहे. मी तात्यांशी बोलते. आमच्या आण्णांनाही मध्ये घालते, थोरल्या भावापुढं बोलायची त्यांची छाती होत नाही, पण घालते. तू ये. देवळासमोर, सगळ्या भावकीसमोर काठी घे. रबाळ्याच्या पत्र्याखाली नाही.

तोवर ते कवच अंगाला लावणार नाहीस असं मला लिहून पाठव.

सुनयना


कळंबोली, १९ मार्च

आक्का,

तू मागितलंस ते लिहून पाठवू शकत न्हाई.

ऋषी गेला. त्याचा हात वर होईना. आई येऊन घेऊन गेली, जाताना तिनं सेटच्या दारावरनं नारळ ओवाळून खाडीकडं नेला. त्यानंतर कवचाला माप जुळणारा माणूस मिळेना. कवच दादाच्याच मापाचं हाय, आणि नवं करायला वेळ न्हाई. मी माल उतरत होतो. कपडेपटाच्या बाईनं माझ्या खांद्याला टेप लावली, मग पुन्हा लावली, आणि वहीत काही लिहिलंच न्हाई. म्हणाली, आधीच लिहिलेलं आहे.

गंमत बघ. मोबाईलवर लाख माणसं भांडत्यात, लोहदूत कोण होणार. कुणी यादी करतंय, कुणी पैज लावतंय. आणि तो ठरला चहाच्या टपरीमागं, चॅनलच्या ढिगाजवळ. मी पहिल्या दिवशी आवारात चाललो, तर भिंतीबाहेरनं कुणीतरी फोटो आणि व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत सगळीकडं गेला. चालीवरनं ओळखलं म्हणत्यात. निम्म्यांनी दाढीवाल्याला ओळखलं, निम्म्यांनी दुसऱ्याच एका नाचणाऱ्या हिरोला. सिताराम तो व्हिडिओ मला दाखवून म्हणतो, बघ, मी सांगितलं नव्हतं? मी त्याच्या शेजारी कॉटवर बसलोय आणि तो मलाच मला दाखवतोय. लई हसलो.

पण खाली एकानं लिहिलं होतं: 'हा पहिल्या भागातलाच माणूस आहे. चाल तीच आहे. डावा खांदा बघा.' कोण हाय म्हणून बघायला गेलो, तर ते काढून टाकलेलं.

ऋषी म्हणाला ते खरं हाय. आत जागा करून दिल्यासारखं वाटतं. आणि वास येतो, आक्का. आई दादाच्या डोक्याला घालायची त्या तेलाचा.

यात्रेपर्यंत थांबायचं म्हणतीस. दोन चैत्र गेले तिकडं. तात्या पुन्हा न्हाईच म्हणतील. इथं तो माझ्या अंगाला लागून उभा हाय आणि त्यानं खांदा थोपटला की मला कळतं. मी 'घेतली' म्हटलं की सुटला तो. एका शब्दाचं तर काम हाय. सोमवारी ती शेवटची लढाई आणि खुर्चीवर बसणं पुन्हा करायचं हाय. तवाच म्हणतो.

सेटवर मोबाईल काढून घेत्यात, आता काही दिवस तिकडंच राहायचंय. पत्र रबाळ्याच्या पत्त्यावर टाक.

तेज्या


सातारा, २५ मार्च

तेज्या,

तुझं पत्र आज हातात पडलं आणि सोमवार काल होऊन गेला. तरीही लिहिते. तू म्हणाला नसशील तर म्हणू नकोस.

पिक्चर बघितला नाही असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. मी बघितला. काकूंबरोबर. साताऱ्यात लागला तेव्हा त्या न सांगता एसटीनं आल्या आणि म्हणाल्या, मला अंकुशला बघायचंय. मी म्हटलं, काकू, तोंड दिसणार नाही. त्या म्हणाल्या, मला चालतंय. अडीच तास पदर तोंडाला लावून बसल्या. शेवटी खुर्चीवर त्यानं खांदा थोपटला तेव्हा सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं, आणि काकू उभ्या राहिल्या. पडद्याकडं नाही बघितलं त्यांनी. मागं वळून, सगळ्या लोकांकडं बघून म्हणाल्या, "घ्या की रं कुणीतरी."

लोकांना वाटलं बाई पिक्चरमध्ये रंगली. हसले.

म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत आहे. तात्यांनाही. तात्या काठीला हात लावू देत नाहीत ते दुःखानं नाही, भीतीनं. मेलेल्या माणसाच्या अंगावरची काठी आहे. ती देवळासमोर घेतली तर नुसती काठी येते, पायरीशी नाथ उभा असतो; पण तात्यांना त्याचीही खात्री वाटत नाही. दुसरीकडं कुठं घेतली तर काठीबरोबर तोही येतो. मग सुटका दोघांपैकी एकाचीच होते, आणि कुणाची ते सांगता येत नाही. हे मला काकूंनीच सांगितलं. मी तुला सांगितलं नाही, कारण तुला सांगितलं तर तू जाशील असं वाटलं. न सांगताही गेलासच.

सिताराम काकांच्या फोनवर रविवारी फोन लावते. तू तिथं ये. तुझा आवाज ऐकू दे.

सुनयना


रबाळे, ६ एप्रिल

बारके,

बऱ्याच दिवसांनी लिहितो. हात जड झालाय म्हणून अक्षर मोठं आलंय, वाचून घे.

नर्सिंगला गेलीस ते फार बरं केलंस. तात्यांना मी म्हणत होतो, बारकी शिकेल. आईला सांग, तेल पोचलं. इथं उन्हाचा त्रास नाही. सगळे चांगलं वागतात. मुखवटा काढायला कुणी सांगत नाही, मीही सांगत नाही. जेवायची सुट्टी झाली की ते उठून जातात आणि मी बसतो.

तेज्याला इकडं पाठवू नका. तो शाळेत जातो का? त्याचं लक्ष नसतं, पण मारू नका त्याला. काठीला तो अजून लहान आहे. परवा मला वाटलं तो माझ्याजवळच उभा आहे. काहीतरी म्हणाला. मी त्याला म्हटलं, घरी जा. तेव्हापासून गप्प आहे.

खांदा फार दुखतो, बारके. मी खूण करतो. मागं कोण उभं आहे ते मला बघता येत नाही.

तू बघ.

अंकुश


आपलं गाव, २२ एप्रिल

तेज्या,

हे पाकीट 'शिवतेज बाबासो' या नावानं कळंबोलीच्या खोलीवर पाठवतेय. ते तू फोडशील की नाही मला माहीत नाही. तरी तुझंच नाव घातलंय.

सहा एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मी ड्युटीवर होते. पहिला शब्द वाचला आणि ट्रे खाली ठेवला. बारके. तू मला आक्का म्हणतोस. बारके म्हणणारा एकच होता. वॉर्डातल्या फोनवरून सितारामकाकांना पुन्हा फोन केला; रविवारी लावला तेव्हा तू आला नव्हतास. ते म्हणाले, मी बघून आलो पोरी, बोलत नाही, मुखवटा काढत नाही, शूटिंगवाले म्हणतात भूमिकेत शिरलाय, फार खूश आहेत. मोबाईलवर त्याच्या नुसत्या बसण्याचं कौतुक चाललंय.

यात्रेला मी गावी आले. पत्र काकूंना वाचून दाखवलं. तेल पोचल्याचं ऐकून त्या चुलीसमोर जाऊन बसल्या. तात्या उठून बाहेर गेले आणि काठीकडं पाठ करून पारावर बसले. बाकीच्या घरांच्या काठ्या उठल्या, हलगी लागली, गुलालानं गल्ली भरली. आपली भिंतीला बांधलेली तशीच. काकू गेल्या आणि त्यांनी दोरी सोडली. मी शेला कमरेला बांधला. तेव्हा आण्णा पुढं आले. माझेच वडील. त्यांना भीती वाटली होती, राग नव्हता. म्हणाले, "बाईनं काठी धरलेली आजवर कुणी बघितली न्हाई, वहिनी."

"मग आता बघा," काकू म्हणाल्या. "घरातलंच पाहिजे ना? ही घरातलीच हाय."

पण खूण झाल्याशिवाय काठी घेता येत नाही. आणि खूण करणारा रबाळ्यात. ते मी येताना ठरवूनच आले होते. आधी जाहीर केल्याप्रमाणं त्या सकाळीच लोहदूतचा मोठा ट्रेलर आला होता. मोबाईल माझ्याकडं होता. मी तो काठीच्या बुंध्याला टेकवून उभा केला, काकूंनी उन्हाला पदराचा आडोसा धरला. हलगी थांबली. सगळा गाव गप्प, आणि त्या एवढ्याशा काचेतून लढाईचे आवाज. मग खुर्ची आली. तो पाठमोरा बसलेला. माझ्यामागं कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक तात्या होते, वळून बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाही.

त्यानं खांदा थोपटला. दोनदा.

मी म्हटलं, "घेतली."

तेज्या, तो वळला. काचेतला. मुखवटा इकडं केला, आणि खांदे खाली आले, ओझं उतरल्यावर येतात तसे. आम्ही दोघींनी बघितलं. नंतर मी तो ट्रेलर पुन्हा पुन्हा लावला. एकदाही वळला नाही.

काठी उचलली तेव्हा हलकी होती. देवळाच्या पायरीशी एकदम भार आला, शेला कमरेत रुतला, आणि तेलाचा वास आला. मग तो भार खाली, पायरीच्या दगडात, निघून गेला. राहिली ती नुसती काठी. ती मी भिंतीला लावली.

तुझ्या अंगावर काय राहिलंय ते मला लिहून कळव. एक शब्द लिही. पहिलाच शब्द पुरे.

सुनयना


कळंबोली, ३ मे

आक्का,

आक्का. आक्का. घे, तीनदा झाला.

मी खोलीवर हाय. सितारामनं पेज करून घातली. माझं वजन इतकं उतरलंय की कवच आता माझ्या मापाचं राहिलं न्हाई. दुसरा माणूस शोधत्यात.

सोमवारी मी 'घेतली' म्हणालो तिथपर्यंत मला आठवतं. मग दादाचा आवाज आला, 'घरी जा', आणि दार लावल्यासारखं झालं. नंतर एकदम ऊन. मी लोखंडाच्या खुर्चीवर, आणि कानात बाईचा आवाज, 'घेतली'. सेटवर त्या वेळी एकही बाई नव्हती. मी हात वर नेला आणि मुखवटा काढला. शॉट चालू होता. दिग्दर्शक ओरडला, मग माझं तोंड बघून त्यानं कॅमेरा बंद करायला लावला. नंतर पाणी दिलं. तो यात्रेचाच रविवार होता, सितारामला विचारून खात्री केली.

सहा तारखेचं पत्र मी लिहिलेलं न्हाई. मला पाठव. न्हाई, नको पाठवू. आईला दे. तिच्याकडं राहू दे.

आता एक सांगायचंय, ते सांगू का नको असं दोन दिवस चाललंय. ट्रेलरमधनं खांद्याची खूण गेली. खुर्ची हाय, तो बसलेला हाय, हात मांडीवर. मोबाईलवर आरडाओरडा हाय, आमची स्टाईल का काढली म्हणून. कंपनी म्हणती, ती नव्हतीच. सिताराम नाथाची शपथ घेऊन सांगतो, होती. मी पण सांगतो. पण आधी उतरवून घेतलेल्यांच्या मोबाईलमध्ये पण न्हाई राहिली.

त्यावरनं नवं भांडण लागलंय. दुसरा भाग अजून लागला न्हाई आणि लोक तिसऱ्यावर पोचले. सगळ्यांचं एकच मत, आणि ते कुठनं आलं कुणाला सांगता येत न्हाई. ड्रायव्हर तेच म्हणत्यात, चहावाला तेच म्हणतो, आज दाढीच्या दुकानात दोन अनोळखी माणसं तेच बोलत होती. तिसऱ्या भागात लोहदूत बाई असणार. कुणीतरी चित्र पण काढलंय. कवच घातलेली बाई, पाठमोरी. हातात चार माणसांएवढी उंच काठी. चित्राखाली लोक विचारत्यात, ही काठी कसली? गावाकडची दिसती. सिताराम मला म्हणाला, तुला काय वाटतं, कोणती हिरॉईन घेतील? मी म्हटलं, म्हाईत न्हाई.

पुढच्या चैत्रापर्यंत ती तुझ्यावर हाय. मी आता गावाकडंच येतोय, इथला हिशोब मिटवून. साताऱ्यात काम बघतो, तुझ्या हॉस्टेलाच्या जवळपास. हमाली असली तरी चालंल.

तुला आत्ता काही होत नसेल. होऊ पण नये. पण वॉर्डात, मेसमध्ये, कुठंही असलीस आणि भार वाटला, तर लाजू नको. वळून बघू नको. नुसता खांदा थोपट.

मी मागंच उभा हाय.

तुझा
तेज्या